नागाळा पार्क ते सम्राटनगर : घरविक्री आणि घरखरेदीच्या प्रकल्प नोंदी

२० एप्रिल २०२५

प्रकल्पाची व्याप्ती आज घरातील सर्वांच्या उपस्थितीत ठरली. नागाळा पार्कातील पहिल्या मजल्यावरची आमची सदनिका विकायची आणि शहराच्या उंच भागात, लिफ्ट असलेल्या इमारतीत, राहती तयार सदनिका घ्यायची. सासूबाईंच्या गुडघ्यांना आता जिना झेपत नाही, आणि जुलै-ऑगस्ट आला की पंचगंगेची पातळी पाहत झोपण्याचा आम्हा सर्वांनाच कंटाळा आला आहे. बांधकाम सुरू असलेल्या इमारतीचा विचार आम्ही आजच बाजूला ठेवला. तिथे पाच टक्के जीएसटी पडतो हे एक कारण आहे. पण मोठे कारण असे की ज्याच्या ताब्याची तारीख आपल्या हातात नाही, त्याच्या भरवशावर राहते घर विकणे आम्हाला शहाणपणाचे वाटत नाही.

एक नियम पहिल्याच पानावर लिहून ठेवते : आपल्या घराचा विसार, म्हणजे सौदा पक्का करताना मिळणारी आगाऊ रक्कम, खात्यात जमा झाल्याशिवाय दुसऱ्या घराला विसार द्यायचा नाही. जुने घर विकले जाईपर्यंत मधल्या काळासाठी काही बँका ब्रिज लोन देतात. मात्र जुन्या कर्जाचे ६ लाख ८० हजार अजून बाकी असताना त्यावर तेही ओझे घेतले आणि आमच्या घराला गिऱ्हाईक लवकर मिळाले नाही, तर येईल त्या भावाला घर काढण्याची वेळ येईल. घर घाईने विकावे लागणे हाच या प्रकल्पातील सर्वांत महाग खर्च आहे, असे माझे मत आहे.

२६ एप्रिल

विक्रीच्या कागदांची फाईल लावली. मूळ करारपत्र बँकेकडे गहाण असल्याने घरात फक्त झेरॉक्स आहे. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्ताची प्रमाणित प्रत आणि इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी गोषवारा), तर नगर भूमापन कार्यालयातून इमारतीच्या जागेचे प्रॉपर्टी कार्ड काढायला दिले. बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र आणि घरफाळ्याच्या पावत्या घरात मिळाल्या. आमची इमारत महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, १९७० खाली नोंदलेली आहे. त्यामुळे इथे सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट नसते; संपूर्ण इमारतीचे घोषणापत्र (डीड ऑफ डिक्लेरेशन) आणि आपल्या नावचे सदनिकेचे डीड ऑफ अपार्टमेंट हेच मालकीचे कागद. बाहेरगावच्या खरेदीदाराला हा फरक समजावून सांगावा लागेल, म्हणून त्याचे एक टिपण फाईलच्या सुरुवातीलाच लावले आहे.

घरफाळ्याच्या बिलावर फक्त पतींचे नाव आहे आणि दस्त दोघांच्या नावे आहे. महापालिकेत नावनोंदणीचा अर्ज दिला.

११ मे

आजचा दिवस पुराच्या विषयाला दिला, कारण नागाळा पार्कात घर विकणाऱ्याला हा विषय टाळून पुढे जाता येत नाही आणि टाळूही नये.

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली. दोन्ही वेळी शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा, बापट कॅम्प यांच्याबरोबर नागाळा पार्काचा काही भाग पाण्यात होता आणि आमचे पार्किंगही त्यात होते. सदनिकेत पाणी आले नाही. जिन्याच्या वरच्या पायऱ्यांच्या खालीच ते थांबले. २०१९ नंतर इमारतीने विजेच्या मीटरच्या पेट्या पार्किंगमधून उचलून पहिल्या मजल्याच्या चौकात बसवल्या, आणि जिन्याशेजारच्या खांबावर दोन्ही पुरांच्या रेषा तांबड्या तेलरंगाने आखून त्यांवर साल लिहिले. वरची रेषा २०२१ ची आहे.

जलसंपदा विभागाच्या नकाशावर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई असते, निळ्या-लालच्या मधल्या पट्ट्यात अटींसह परवानगी मिळते. आमची इमारत या मधल्या पट्ट्यात येते, आणि नकाशाची प्रत मी फाईलला जोडली आहे.

ज्या इस्टेट एजंटशी आम्ही बोललो त्यांचा सल्ला असा होता : "वहिनी, पाण्याचं आधी काढू नका. घर पसंत पडू दे, मग सांगू." माणूस कामाचा आहे आणि महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाकडे, नोंदणीकृतही आहे, तरी या मुद्द्यावर आम्ही स्पष्ट नकार दिला. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, खरेदीदाराला साध्या पाहणीत न दिसणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगणे बंधनकारक आहे. शिवाय २०१९ च्या त्या आठवड्यात आम्ही वरून जे पाहिले, त्यानंतर एखाद्या कुटुंबाला अंधारात ठेवून त्यांची आयुष्यभराची जमा घेणे आम्हाला जमणारे नाही. पहिल्या भेटीतच खांबावरच्या रेषा दाखवायच्या, असे ठरले.

२५ मे

भाव ठरवला. एजंटांच्या मते ५६ लाख मागावेत. जवळपासच्या इमारतींमधील नुकत्याच झालेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधून पाहिले आणि आम्ही ५४ लाखांवर आलो. मागणीच्या आकड्यापेक्षा नोंदलेला आकडा महत्त्वाचा, आणि तो कोणालाही पाहता येतो. घर विकू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने एजंटाला भेटण्यापूर्वी हे एक काम करावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. रेडी रेकनरचे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेले, मूल्य आमच्या अपेक्षित किमतीच्या खाली आहे, त्यामुळे आयकराच्या दृष्टीने तिथे अडचण नाही.

१५ जून

घर पाहायला लोक येऊन जात आहेत. खांबावरच्या रेषा पाहून काही जण पार्किंगमधूनच परतले. त्याचे वाईट वाटत नाही, कारण ती मंडळी पुढे कधीतरी परतणारच होती. रिझर्व्ह बँकेने ६ जूनला रेपो दर (ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो) अर्ध्या टक्क्याने उतरवून ५.५० टक्क्यांवर आणला, तेव्हापासून चौकशीचे फोन वाढले आहेत. नव्या कर्जाच्या दृष्टीने आम्हालाही तो निर्णय सोयीचा आहे.

६ जुलै

आषाढी एकादशी. नंदवाळहून दर्शन करून परतताना एक तरुण दांपत्य आणि त्यातील नवऱ्याच्या आई दुसऱ्यांदा घर पाहायला आले. नवरा शिरोली एमआयडीसीतील फौंड्रीत आहे आणि त्याची पत्नी शिक्षिका आहे. पहिल्या भेटीत त्यांनी रेषा पाहिल्या होत्या. आज ते टेप घेऊन आले, त्यांनी वरच्या रेषेपासून आमच्या उंबऱ्यापर्यंतची उंची मोजली, मीटरच्या पेट्या उघडून पाहिल्या, आणि पुराच्या दिवसांत पिण्याचे पाणी कसे मिळाले, वीज किती दिवस नव्हती, गाड्या कुठे नेऊन लावल्या, हे सगळे शांतपणे विचारून घेतले. त्यांच्या मातोश्री म्हणाल्या, "आम्ही चिखलीची माणसं, पाणी आम्हाला नवं नाही. खरं सांगितलंसा, ते बरं केलंसा."

५२ लाखांवर व्यवहार ठरला. पाच लाख रुपये विसार दोन दिवसांत खात्यावर येईल. रोख रकमेचा विषय त्यांनी काढला नाही आणि आम्हीही काढला नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, आणि कागदावर कमी किंमत दाखवून कोणाचेच भले होत नाही.

२० जुलै

विसार जमा झाल्याने नव्या घराचा शोध आता निश्चिंतपणे सुरू आहे. आर. के. नगरच्या बाजूला घरे प्रशस्त आहेत, परंतु तो भाग ग्रामपंचायतीच्या हद्दीत येतो. १९७२ साली महापालिका झाल्यापासून कोल्हापूरची हद्द वाढलेली नाही, त्यामुळे शहर तिथपर्यंत पोहोचले तरी सुविधा कोणी द्यायच्या हा प्रश्न तसाच आहे. सासूबाईंचे दवाखाने राजारामपुरीत असल्याने आम्ही शोध सम्राटनगर, प्रतिभानगर आणि टाकाळ्यापुरता ठेवला.

घर पाहायला आम्ही मुद्दाम आषाढाच्या झडीत जातो. उन्हाळ्यात नव्या रंगाखाली जे लपते, ते या दिवसांत भिंत स्वतःच सांगते. एका सुंदर सदनिकेत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कपाटामागे हात फिरवला तर तळहात ओला झाला. वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातून पाझर होता. ते घर सोडले.

सम्राटनगरातील दुसऱ्या मजल्यावरची सदनिका सर्वांना पटली. मालक निवृत्त शिक्षक आहेत. काका आणि काकू दोघेही मुलाकडे पुण्याला कायमचे जाणार आहेत. इमारत पूररेषेच्या बाहेर आहे, लिफ्ट चालू आहे, आणि गृहनिर्माण संस्था नोंदणीकृत असून तिचे हिशेब दरवर्षी तपासले जातात. ७२ लाखांवर बोलणी झाली. तोंडी शब्द दिला आहे. विसार वकिलांनी कागद पाहिल्यानंतर.

२७ जुलै

वकिलांनी सम्राटनगरच्या सदनिकेच्या मालकीचा मागील तीस वर्षांचा शोध घेतला. काकांच्या आधी एक मालक होते, त्यांचे कर्ज फिटल्याचे पत्र संस्थेच्या दफ्तरात मिळाले. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली आहे. हरकत आली नाही तर पुढील टप्पा.

३ ऑगस्ट

मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (उच्च न्यायालयाचे शहराबाहेरचे खंडपीठ) कोल्हापूरला होणार, अशी अधिसूचना १ ऑगस्टला निघाली आणि १८ तारखेपासून कामकाज सुरू होणार आहे. अनेक दशकांच्या लढ्याचे हे यश असल्याने शहरात साखर वाटली गेली. आमचे वकीलही लढ्यातल्या मोर्चांना जाणाऱ्यांपैकी आहेत, त्यांच्या कार्यालयात आज काम कमी आणि अभिनंदन जास्त होते.

याचा आमच्या प्रकल्पावर थेट परिणाम आहे. सहा जिल्ह्यांचे वकील आणि पक्षकार इथे येणार म्हटल्यावर नागाळा पार्क, भाऊसिंगजी रोड या बाजूच्या जागांना मागणी वाढणार, असे सर्व एजंट सांगत आहेत. आमच्या एजंटांनी सुचवले की साठेखत (पुढे खरेदीखत करण्याचा करार) अजून नोंदलेले नाही, तेव्हा दोन-तीन लाख वाढवून मागता येतील. आम्ही तसे करणार नाही. ज्या कुटुंबाने पूररेषा पाहून, मोजून, पूर्ण विचाराने शब्द दिला, त्यांच्याशी ठरलेल्या किमतीतच व्यवहार होईल. त्याच वेळी हेही ध्यानात आले की काकांनाही असेच सल्ले मिळत असतील, आणि प्रत्येकाचा स्वभाव आपण गृहीत धरू शकत नाही. दोन्ही साठेखते या महिन्यातच नोंदवली पाहिजेत.

९ ऑगस्ट

या प्रकल्पातील सर्वांत अवघड बैठक आज आमच्या घरी झाली. पैशाचा मेळ बसत होता. अडचण ताब्याच्या तारखांची होती.

आमच्या खरेदीदारांच्या मातोश्रींची इच्छा अशी की दसऱ्याला, म्हणजे २ ऑक्टोबरला, नव्या घरात कलश ठेवला जावा. तिकडे काका-काकूंची इच्छा अशी की शेवटची दिवाळी त्यांच्या या घरात व्हावी. नातवंडे पुण्याहून येणार आहेत, आणि भाऊबीज २३ ऑक्टोबरला आहे. दोन्ही इच्छा मनापासूनच्या आहेत, दोन्ही मान्य करण्यासारख्या आहेत, आणि त्यांच्यामध्ये आमचे पाच माणसांचे कुटुंब महिनाभर बिनघराचे राहते.

महिनाभरासाठी भाड्याने घर घ्यावे हा पहिला पर्याय होता. त्यात सामान दोनदा हलणार, महिन्याभरासाठी घर देणारा मालक शोधावा लागणार, आणि सासूबाईंना दोनदा नव्या जागेची सवय करावी लागणार. खरेदीदारांना दिवाळीपर्यंत थांबवावे तर त्यांच्या बँकेच्या मंजुरीपत्राची मुदत मध्ये येते. काकांवर घाई करावी असे आम्हालाच वाटत नव्हते.

वकिलांनी सुचवलेला मार्ग सर्वांनी मान्य केला. आमच्या घराचे खरेदीखत नवरात्रात करून मालकी खरेदीदारांकडे द्यायची. त्याच दिवशी आम्ही त्यांचे लायसन्सी, म्हणजे फी देऊन ठरावीक मुदतीपुरते राहणारे, म्हणून नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार करून, ५ नोव्हेंबरपर्यंत त्याच घरात राहायचे. "विक्रेते काही दिवस राहतील" असे खरेदीखतात मोघम लिहिणे त्यांनी नाकारले, आणि त्यांचे कारण मला पूर्ण पटले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. आणि तो तसा असेल तर मुदत संपूनही आम्ही घर सोडले नाही, अशा वेळी कलम २४ खाली दुप्पट दराने भरपाई आणि लवकर ताबा मिळवण्याचा हक्क नव्या मालकांना आपोआप मिळतो. म्हणजे आमच्या चांगुलपणावर विसंबून राहण्याची त्यांना गरज उरत नाही. लायसन्स फी महिना बारा हजार आणि अनामत एक लाख ठरली. दसऱ्याला त्यांनी घरात पूजा करायची, आम्ही दिवाणखाना मोकळा करून द्यायचा, हे मात्र कागदावर नाही. ते शब्दावर आहे.

दस्तांचा क्रम वेणीच्या पेडांसारखा एकाआड एक लावला : आधी आमच्या घराचे साठेखत, मग नव्या घराचे साठेखत, मग आमच्या घराचे खरेदीखत, आणि शेवटी नव्या घराचे खरेदीखत. याप्रमाणे आम्ही मालकी सोडतो त्या दिवशी नव्या घरावरचा आमचा हक्क आधीच नोंदलेला असतो, आणि आम्ही नव्या घराला बांधले जातो त्या दिवशी आमचा खरेदीदारही आम्हाला नोंदीने बांधलेला असतो. घर विकून घर घेणाऱ्या ज्या ज्या ओळखीच्यांचे हाल झालेले मी पाहिले, त्यांचा हाच क्रम कुठेतरी उलटलेला होता.

१४ ऑगस्ट

आमच्या घराचे साठेखत नोंदले. खरेदीदारांनी आणखी पाच लाख दिले.

दस्तात आम्ही दोघे विक्रेते आणि ते दोघे खरेदीदार आहेत. व्यवहार ५० लाखांच्या वरचा असल्याने एक टक्का, म्हणजे ५२ हजार, टीडीएस त्यांनी कापून भरायचा आहे. प्रत्येकाचा हिस्सा ५० लाखांच्या आत असला तरी आता सूट नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्वांची मिळून रक्कम पाहिली जाते. दोन खरेदीदार आणि दोन विक्रेते असल्याने २६-क्यूबीचे (हा टीडीएस भरण्याच्या फॉर्मचे) चार स्वतंत्र अर्ज होतात, हे त्यांना उदाहरणासह लिहून दिले.

१८ ऑगस्ट

विसारातील पाच लाख आणि बचतीतील १ लाख ८० हजार घालून जुने कर्ज आज पूर्ण फेडले. खरेदीदारांच्या बँकेने परस्पर आमच्या बँकेला धनादेश देऊन हे कर्ज मिटवण्याची पद्धतही प्रचलित आहे. पण तेव्हा दोन बँकांचे वकील, दोन कागदपत्र याद्या आणि दोन वेळापत्रके एकमेकांची वाट पाहत बसतात. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क लागत नाही. कर्ज फिटल्यापासून तीस दिवसांत मूळ कागद परत देणे रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक केले आहे, आणि कर्ज देणाऱ्याकडून उशीर झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. या नियमाचा उल्लेख करून लेखी अर्ज दिला आणि त्याच्या प्रतीवर पोच घेतली. विसाराची रक्कम अशी वापरल्याने व्यवहार फिसकटला असता तर ती परत कुठून द्यायची, हा विचार आधी केला होता. तेवढी मुदतठेव बाजूला ठेवूनच हे पाऊल उचलले.

२५ ऑगस्ट

नव्या घराचे साठेखत नोंदले. अमावास्या टळावी म्हणून काकांनी सोमवार धरला.

मुद्रांक शुल्क साठेखतावरच पूर्ण भरावे लागते. आपल्या शहरात सहा टक्क्यांप्रमाणे ते ४ लाख ३२ हजार झाले, आणि नोंदणी फीची कमाल मर्यादा ३० हजार आहे. हे पैसे बँक देत नाही. शुल्क आणि नोंदणीचा खर्च कर्जासाठी घराच्या किमतीत धरला जात नाही. म्हणून विक्रीची मोठी रक्कम हाती येण्याच्या महिनाभर आधी एवढी रक्कम स्वतःच्या खिशातून जाते, हे वेळापत्रक आखतानाच लक्षात घ्यावे.

घर केवळ माझ्या नावे घेतले असते तर महिला खरेदीदाराची एक टक्क्याची सवलत मिळून ७२ हजार वाचले असते. सीएंकडे बसून हा हिशेब नीट केला. जुने घर आम्ही २००८-०९ साली घेतले. शुल्कासह खर्च १५ लाख ४० हजार. महागाई निर्देशांकाविना भांडवली नफा ३६ लाख ६० हजार होतो आणि त्यावर साडेबारा टक्क्यांनी कर ४ लाख ५७ हजार ५०० येतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला जुन्या पद्धतीचा पर्याय खुला आहे : निर्देशांक तेव्हा १३७ होता, यंदाचा ३७६ आहे; त्याने खर्च वाढवून धरला तर नफा सुमारे ९ लाख ७३ हजार आणि वीस टक्क्यांनी कर सुमारे १ लाख ९५ हजार. हा संपूर्ण कर आयकर कायद्याच्या कलम ५४ खाली माफ होतो, कारण विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षे नंतरच्या मुदतीत आम्ही नफ्याहून अधिक किमतीचे घर घेत आहोत. परंतु जुन्या घरात निम्मा हिस्सा पतींचा आहे. नवे घर माझ्या एकटीच्या नावे असेल तर त्यांच्या निम्म्या नफ्याच्या सवलतीवर प्रश्न निघू शकतो, आणि तो कर उपकरासह एक लाखाच्या पुढे जातो. ७२ हजारांसाठी लाखाचा वाद ओढवून घेण्यात अर्थ नाही. घर दोघांच्या नावे घेतले.

करारात आमच्या आग्रहाने एक अट घातली आहे : आमच्या खरेदीदारांच्या बँकेकडून रक्कम येण्यास विलंब झाल्यास खरेदीखताची मुदत ४५ दिवसांनी वाढेल आणि आमचा विसार जप्त होणार नाही. काकांनी ती वाचली, काकूंना वाचून दाखवली आणि सही केली.

१४ सप्टेंबर

पितृपक्ष असल्याने नोंदणीची कामे सर्वांनीच थांबवली आहेत. मूळ कागद मुदतीच्या आत परत मिळाले. ते दुसऱ्या शहरातील दफ्तरातून यायचे होते. बँकेच्या टेबलावरच प्रत्येक पान यादीशी ताडून पाहिले. २००८ च्या करारपत्राच्या शेवटच्या पानावर पतींच्या सहीशेजारी माझी सही आहे, आणि शाई अजून तितकीच निळी आहे.

नव्या घरासाठी २७ लाखांचे कर्ज मंजूर झाले. जुने कर्ज शून्यावर आल्याने पात्रतेचा प्रश्न उरला नव्हता.

२५ सप्टेंबर

आमच्या घराचे खरेदीखत आणि लिव्ह अँड लायसन्स करार, दोन्ही आज झाले.

दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो आणि अंगठ्याचे ठसे घेताना खरेदीदारांचा अंगठा यंत्राला ओळखू येईना. फौंड्रीतल्या वाळूने आणि उष्णतेने त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. कर्मचाऱ्यांनी अंगठा ओल्या फडक्याने पुसायला लावला, मग पुन्हा, मग दाबून धरायला लावला. शेवटी ठसा उमटला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. त्या हातांनी जमवलेली रक्कम आमच्या घरासाठी दिली जात आहे, याची मला तिथे उभी असताना फार तीव्रतेने जाणीव झाली, आणि मे महिन्यात पुराबद्दल घेतलेल्या निर्णयाचे समाधान वाटले.

बँकेचा धनादेश मिळाला. रक्कम महिनाभराच्या मुदतठेवीत ठेवली.

२ ऑक्टोबर

दसरा. सकाळी दिवाणखान्यातील सर्व सामान आतल्या खोलीत हलवले. खरेदीदारांच्या मातोश्रींनी कलश मांडला, उंबऱ्याला हळदकुंकू लावले आणि आपट्याची पाने पहिल्यांदा आमच्या सासूबाईंच्या हातात दिली. दोन्ही कुटुंबांचे जेवण एकत्र झाले. संध्याकाळी मुले दसरा चौकात सोने लुटायला गेली.

२७ ऑक्टोबर

नव्या घराचे खरेदीखत झाले. ७२ लाखांवर एक टक्का टीडीएस आम्ही कापला. विक्रेते एकटे काका असल्याने दोनच अर्ज आहेत, आणि मुदत ३० नोव्हेंबरपर्यंत. सदनिका नव्या नावावर करताना संस्था घेते त्या हस्तांतरण प्रीमियमची मर्यादा महापालिका क्षेत्रात २५ हजार आहे, तेवढेच घेतले गेले. ताबा आणि पैसे एकाच दिवशी दिल्याने इथे वेगळ्या कराराची गरज पडली नाही. काकूंनी गॅसच्या शेगडीजवळचा कुठला नळ घट्ट फिरवायचा आणि पाण्याची वेळ कोणती, हे मला आपल्या हस्ताक्षरात लिहून दिले.

४ नोव्हेंबर

रविवारी, २ तारखेला, सामान हलवले. आधीच्या आठवड्यात दोन खोल्यांचा रंग आणि न्हाणीघरातील आधाराचे गज एवढेच काम करून घेतले होते. बाकी सुधारणा राहता राहता करता येतील. आज नागाळा पार्कातील घर झाडून पुसून, विजेच्या मीटरच्या आकड्याचा फोटो काढून, किल्ल्या आणि ताबा पावती खरेदीदारांना दिली. अनामतीचा एक लाख त्यांनी तिथेच परत वर्ग केला.

२१ नोव्हेंबर

२६-क्यूबीचे दोन्ही अर्ज भरले. फॉर्म १६-बी (टीडीएस कापल्याचे प्रमाणपत्र) उपलब्ध होताच काकांना पुण्याच्या पत्त्यावर पाठवायचा आहे. आमच्या विक्रीवर कापलेले ५२ हजार पुढील विवरणपत्रात परतावा म्हणून मागायचे आहेत, आणि कलम ५४ चा तपशील त्याच वेळी द्यायचा आहे. महावितरणचे वीजबिल आणि घरफाळा यांवरील नावे दोन्ही घरांसाठी बदलायला दिली. शेअर सर्टिफिकेटवर आमच्या नावांची नोंद संस्थेच्या पुढील सभेत होईल. नवे घर तीन वर्षांच्या आत विकल्यास कलम ५४ ची सवलत परत जाते, म्हणून २७ ऑक्टोबर २०२८ ही तारीख फाईलच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवली आहे.